स्वस्तातली जुनी गाडी घ्यायचीय, पण ठरतच नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिन आणि टायरबद्दल विचारणारे खूप आहेत. पण त्यांच्याहून जास्त निरोप येतात ते एकाच दुखण्याचे: "पाहून पाहून थकलो, पण घ्यायचं धाडस होत नाही." म्हणून दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रश्न ८ तेवढा वाचा.

१. सुरुवात कुठून करू? आधी मॉडेल ठरवू, की बजेटात बसेल ती गाडी पाहत सुटू?

दोन, फार तर तीन मॉडेलं ठरवा. प्रत्येक इंजिनाची आणि गिअरबॉक्सची एखादी ठरलेली खोड असते. कुठे तेल गळतं, कुठे ठरावीक किलोमीटरनंतर क्लच जातो, कुठे खिडकीचं यंत्र दगा देतं. दोनच मॉडेलं असली की या खोडी पाठ होतात आणि तिसऱ्या गाडीपर्यंत तुमचा हात आपोआप नेमक्या जागी जातो. दहा मॉडेलांच्या मागे लागलेला माणूस प्रत्येक गाडीपुढे नवशिकाच राहतो.

मॉडेल निवडताना खप पाहा. जी गाडी खूप विकली गेली, तिचे सुटे भाग सहज मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक तिला हात लावायला घाबरत नाही. एके काळची आलिशान गाडी आज तुमच्या बजेटात येते म्हणून हरखून जाऊ नका. तिचे भाग अजूनही आलिशान भावानेच येतात. हत्ती फुकट मिळाला तरी चारा हत्तीएवढाच लागतो.

२. जेवढे पैसे जमवलेत ते सगळे गाडीवर घालू का?

नको. माझा ठोकताळा असा: एक चतुर्थांश रक्कम बाजूला ठेवा आणि उरलेल्या पैशांत गाडी शोधा. स्वस्त गाडीला पहिल्या काही महिन्यांत टायर, बॅटरी, ब्रेक, बेल्ट यांपैकी काहीतरी लागतंच. ही रक्कम हाताशी असली की निर्णयही सोपा होतो. "काही निघालं तर?" या भीतीला "निघालं तर पैसे ठेवलेत" एवढं उत्तर पुरतं. अनिर्णयाचं मूळ बऱ्याचदा गाडीत नसतं, रिकाम्या खिशात असतं.

३. दहा वर्षं जुनी पण कमी चाललेली घ्यावी, की पाच वर्षांची भरपूर चाललेली?

लोकांचा कल पहिलीकडे असतो, माझा बहुतेक वेळा दुसरीकडे. किलोमीटर हे झिजेचं एकच माप आहे. वय हे दुसरं, आणि ते उभ्या गाडीलाही सोडत नाही. रबराचे होज आणि सील कडक होतात. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं, म्हणूनच ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतं. टायमिंग बेल्टला, म्हणजे इंजिनातल्या वाल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याला, किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते.

त्यात ती गाडी फक्त कोपऱ्यापर्यंत जाऊन येणारी असेल, तर इंजिन कधी पुरतं तापलेलंच नसतं. तेलात पाणी आणि इंधन साचतं, सायलेन्सर आतून गंजतो. उलट लांबच्या रस्त्यावर एका चालीने धावलेली, वेळेवर तेल बदललेली गाडी आकडा मोठा दिसला तरी आतून निरोगी असू शकते.

अपवाद एकच: सर्व्हिसची कागदपत्रं कुणाकडे आहेत. ज्या गाडीचा इतिहास कागदावर दिसतो तिच्याकडे झुका, मग ती कोणतीही असो.

४. मीटरवरचे किलोमीटर खरे आहेत की मागे फिरवलेत, हे कसं ओळखायचं?

एका पुराव्यावर विसंबू नका, जुळणी करा. ब्रेक आणि क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, गिअरच्या मुठीवरचे पुसलेले आकडे, चालकाच्या सीटची आतल्या बाजूची कड, हे सगळं मीटरशी जुळतं का पाहा. मीटर तीस हजार म्हणतो आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि पेडलला खोटं बोलता येत नाही.

टायर हा चांगला साक्षीदार. त्याच्या कडेवर 'डॉट' या खुणेने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटरवर वीस हजार, आणि चारही टायर २०२३ चे? मग पहिले चार गेले कुठे? कारण खरंही असू शकतं, पण विचारा. डिकीतला जादा टायरही पाहा.

सर्वांत भरवशाचं म्हणजे जुन्या सर्व्हिसच्या पावत्या आणि तपासणीचे दाखले. त्यांवरचे आकडे तारखेप्रमाणे चढत गेलेले दिसले पाहिजेत.

५. गाडी खरंच चांगली असती तर त्याने विकली असती का? हा विचार डोक्यातून जातच नाही.

हा विचार अगदी रास्त आहे आणि त्यावर नोबेल मिळालेलं आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. मांडणी साधी होती. विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सरासरी गाडीचा भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, मागे हटतो. बाजारात खराब गाड्यांचं प्रमाण वाढतं, घेणारा भाव आणखी पाडतो, आणि चक्र फिरत राहतं. आधी तीन नियतकालिकांनी हा निबंध नाकारला होता. पुढे २००१ साली अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पण निबंधाचा शेवटचा भाग आपल्या कामाचा आहे. हे चक्र माहितीच्या दरीवर चालतं. दरी बुजवली की ते थांबतं. हमी, सर्व्हिसच्या पावत्या, बाहेरच्या मेकॅनिकची तपासणी, हे सगळे दरी बुजवायचेच मार्ग. म्हणून "का विकताय?" या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा "माझ्या मेकॅनिकला दाखवू का?" याच्या उत्तराकडे कान द्या. पहिल्याचं उत्तर पाठ करून ठेवलेलं असतं. दुसऱ्याला जो नकार देतो, त्याने न सांगता सगळं सांगितलं.

आणि चांगल्या गाड्याही विकल्या जातात. कुटुंब वाढतं, गाव सुटतं, गुडघे क्लच दाबू देत नाहीत.

६. किती गाड्या पाहिल्या म्हणजे पुरे? मी पंचवीस पाहिल्या, अजून ठरत नाही.

गणितात याच्या जवळचं एक कोडं आहे. उमेदवार एकामागून एक येतात, प्रत्येकाला तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगायचं, मागे फिरायचं नाही. उत्तर असं की पहिले सुमारे ३७ टक्के फक्त पाहून सोडा, आणि पुढे त्या सगळ्यांपेक्षा सरस पहिला जो दिसेल तो घ्या. दहा गाड्या पाहायची तयारी असेल तर पहिल्या तीन-चार शिकण्यासाठी. स्वस्त आणि बऱ्या गाड्या चटकन उचलल्या जातात, त्यामुळे मागे न फिरण्याची अटही इथे बरीचशी लागू पडते.

फक्त एक लक्षात घ्या. एवढं करूनही सर्वोत्तम उमेदवार हाती लागण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्याच आसपास असते, आणि त्या कोड्यात सर्वोत्तम सोडून बाकी सगळं शून्य धरलेलं आहे. तुम्हाला सर्वोत्तम गाडी हवी आहे का? तुम्हाला कामावर वेळेत पोचवणारी हवी आहे. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५६ साली ही दुसरी रीत मांडली: पुरेसं म्हणजे काय ते आधी ठरवा, आणि पुरेसं दिसताच शोध थांबवा. गाडी पाहायला निघण्याआधी कागदावर पाच अटी लिहा. पाचही जुळल्या की सहावी शोधायची नाही.

पंचविसाव्या गाडीबद्दल स्पष्टच सांगतो. गाड्यांची संख्या वाढवून कोणत्याही एका गाडीबद्दलचं अज्ञान कमी होत नाही. पंचवीस गाड्या दहा-दहा मिनिटं पाहण्याऐवजी दोन गाड्या मेकॅनिकला तासभर दाखवा. मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. एका मोसमात इतक्या गाड्या पाहिल्या की घरच्यांनी माझ्यासोबत यायचंच बंद केलं, आणि शेवटी घेतलेली गाडी मी तिसऱ्याच आठवड्यात पाहून आलो होतो.

७. मला यंत्रातलं काही कळत नाही. मेकॅनिकला नेण्याआधी मी स्वतः काय पाहू?

बरंच पाहता येतं. इंजिन थंड असताना जा, आणि मी येईपर्यंत सुरू करू नका असं आधीच सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागला तर कुणीतरी आधी चालवून काहीतरी लपवलंय, किंवा निदान सांगितलेलं ऐकलं नाही.

बंद इंजिनावर तेलाचं झाकण उघडा. आतल्या बाजूला सायीसारखा पांढुरका थर असेल तर तेलात पाणी जात असल्याची शंका घ्या. मात्र फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडी साय धरते. म्हणून कूलंटची टाकी पाहा. तिथे तेलाचा तवंग दिसला तर शंका पक्की. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

मग सुरू करा आणि कुणाला तरी मागे उभं करा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. सुरू करताना एकदाच भपका आला तर बहुधा वाल्व्हचे सील, जोर देताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंग, म्हणजे मोठं काम. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर थंडीत दोन मिनिटं आला तर ती साधी वाफ. इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतंय, आणि हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलवर, संशय घ्यायला हरकत नाही.

चावी फिरवताच डॅशबोर्डवरचे एअरबॅग, एबीएस (ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि इंजिनचे दिवे लागले पाहिजेत, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. विझला नाही तर बिघाड. पण लागलाच नाही, तर आणखी वाईट. तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

चालवताना रेडिओ बंद, काचा खाली. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबा. आवाज चढला पण गाडी पुढे सरकली नाही तर क्लच घसरतोय. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा. कट-कट आवाज आला तर पुढच्या चाकाकडचा ॲक्सलचा जॉइंट गेला. वेगासोबत वाढणारी घूं-घूं वळणावर बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क. सरळ रस्त्यावर हात सैल सोडून गाडी एका बाजूला ओढते का तेही बघा.

८. मेकॅनिकने दोषांची लांबलचक यादी दिली. आता घेऊ की सोडू?

सगळा अनिर्णय इथेच साचतो. स्वस्त जुन्या गाडीच्या यादीत दहा-बारा गोष्टी निघणारच. काहीच न निघालेली यादी आली तर मी मेकॅनिक बदलेन. यादी किती लांब आहे ते सोडा, आणि प्रत्येक ओळ तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग जिवाचा: ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, चासी किंवा सस्पेन्शन जिथे बसतं तिथला गंज. यातलं काही निघालं तर दुरुस्त झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर नाही. गंज सांगाड्यात शिरला असेल तर भाव न करता निघून या.

दुसरा ढीग पैशाचा: क्लच, टायमिंग बेल्ट, शॉक ॲब्सॉर्बर, टायर, एसी. यांपैकी प्रत्येकाचा खर्च मेकॅनिककडून लिहून घ्या, बेरीज करा, आणि ती मागितलेल्या किमतीतून वजा करून बोला. टायमिंग बेल्टला विशेष मान द्या. अनेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन वाल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

तिसरा ढीग डोळ्यांचा: ओरखडे, फाटलेलं सीट कव्हर, उडालेला रंग. यावर झोप उडवू नका. लोक याच ढिगापायी चांगल्या गाड्या सोडतात आणि चकचकीत पॉलिश केलेली दुखणी घरी आणतात.

आता खरी मेख. काही ओळी कुठल्याच ढिगात बसत नाहीत: "गिअरबॉक्समधून आवाज येतोय, उघडल्याशिवाय सांगता येणार नाही." ज्या दोषाची किंमत सांगता येते तो मित्र समजा, मोठा असला तरी. ज्याची सांगता येत नाही तो छोटा वाटला तरी सोडा. गेलेल्या क्लचची गाडी मी आनंदाने घेईन. "बहुतेक काही नसेल" असा आवाज करणारी घेणार नाही.

९. मेकॅनिक एक म्हणतो, भाऊ दुसरं, शेजारी तिसरं. ऐकू कुणाचं?

ज्याने ती गाडी वर उचलून खालून पाहिली आहे त्याचं. बाकीचे त्यांच्या जुन्या गाडीबद्दल बोलत असतात. भावाला पुढे करायचंच असेल तर भाव करायला करा.

१०. ठोकलेली गाडी कधीच घेऊ नये ना?

बंपर किंवा दरवाजा बदललेला चालतो. मूळ सांगाडा वाकून सरळ केलेला चालत नाही. फरक ओळखायला बॉनेट आणि दरवाजांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का पाहा, बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडे आहेत का पाहा, डिकीतलं मॅट उचलून तळाचं वेल्डिंग पाहा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, पुट्टी भरलेल्या जागी आकडा कित्येक पट होतो. टायर एकाच कडेला झिजलेले असतील तर निदान अलाइनमेंटचा प्रश्न आहे, आणि अलाइनमेंट करूनही जात नसेल तर सांगाड्याचा.

ठोकल्याचं विकणाऱ्याने आधी स्वतःहून सांगितलं असेल, तर माझ्या मते ती गाडी एक पायरी वर जाते.

११. आणि पाण्यात बुडालेली?

नाही. वायरिंगमधला गंज महिन्यांनी डोकं वर काढतो, आणि तो नेमका प्रश्न ८ मधला किंमत न सांगता येणारा दोष. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या भागावर चिखलाची रेघ आहे का पाहा, सीटच्या खालचे रूळ गंजलेत का पाहा, कार्पेटखाली हात घाला. आत अत्तराचा भडक वास येत असेल तर तो कशावर मारलाय ते शोधा.

१२. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, स्कॅनरमध्येही एरर नाही. म्हणजे इंजिन ठीक ना?

एरर नाही, की पुसलाय? ओबीडी स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी वाचणाऱ्या यंत्राने, एरर पुसता येतात, पण पुसताना गाडीच्या आतल्या स्वयंचाचण्यांची नोंदही कोरी होते. त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं निरनिराळं ड्रायव्हिंग लागतं. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस' हा भाग उघडा. बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या तर बॅटरी नुकतीच काढली होती, किंवा कुणीतरी आज सकाळीच पाटी कोरी केली. अशा वेळी आठवडाभराने पुन्हा येतो म्हणा.

१३. विकणारा म्हणतो संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. विसार देऊन टाकू?

खरंच येत असेल, तरी तपासणी होण्याआधी पैसे द्यायचे नाहीत. द्यायचेच झाले तर "मेकॅनिकने नापास केली तर विसार परत" असं लिहून घ्या. कागदावर लिहायला जो कचरतो त्याचं दुसरं गिऱ्हाईक येऊ द्या. कागदांचं म्हणाल तर मालकाचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच असावं, गाडीवर कर्जाचा बोजा नसावा, आणि ओळख क्रमांक कागदावर, डॅशबोर्डवर व सांगाड्यावर अक्षरन् अक्षर सारखा असावा. हा क्रमांक १७ खुणांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही रोमन अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी मिसळतात. त्यांतलं एखादं दिसलं तर तिथून निघा.

हाच क्रमांक घेऊन रिकॉल बाकी आहे का तेही पाहा. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधल्या दोषामुळे जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि त्यांतल्या कित्येक दुरुस्त न होताच हातोहात विकल्या गेल्या.

१४. विचार करत बसलो आणि ती गाडी गेली. आता प्रत्येक गाडी तिच्यापुढे फिकी वाटते.

तिची तपासणी झाली होती का? नसेल तर जी गेली ती गाडी नव्हतीच, तिची जाहिरात होती. गेलेल्या गाडीला कुणी मेकॅनिककडे नेत नाही, म्हणून तिच्यात दोष सापडत नाही. तिच्यात काय आवडलं ते प्रश्न ६ मधल्या पाच अटींत लिहून टाका, तेवढाच तिचा उपयोग.

१५. जुनी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड फार स्वस्त मिळतेय. घेऊ?

सगळा प्रश्न बॅटरीचा. बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी देतात. ती संपत आली की भाव कोसळतो, आणि स्वस्ताईचं कारण तेच असू शकतं. बॅटरीची उरलेली क्षमता यंत्रावर मोजून टक्क्यांत मागा, "अजून मस्त चालते" हे माप नाही. ती क्षमता तुमच्या रोजच्या अंतराच्या दुप्पट पुरत असेल तर व्यवहार चांगलाही ठरू शकतो, कारण इंजिन ऑइल, क्लच, टायमिंग बेल्ट ही इलेक्ट्रिकमधली दुखणीच नाहीत. हायब्रिडमध्ये मात्र इंजिनही असतं, त्यामुळे प्रश्न ७ आणि ८ तिलाही लागू.

१६. नात्यातल्या माणसाची गाडी आहे. तपासायला नेली तर त्यांना राग येईल.

"मला यातलं कळत नाही, मेकॅनिककडून एकदा समजून घेतो" असं म्हणून न्या. घेतल्यानंतर गिअरबॉक्स गेला तर जो अबोला होईल, तो या रागापेक्षा लांब चालतो. तरीही नेता येत नसेल तर घेऊ नका.

१७. माझ्याकडे आधीच एक जुनी गाडी आहे, मोठं काम निघालंय. दुरुस्त करू की हिला काढून दुसरी जुनी घेऊ?

लोक दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहतात आणि "किंमतच तेवढी नाही, कशाला खर्च करू" म्हणतात. ही तुलना चुकीची. खर्च ताडायचा तो तेवढ्याच पैशांत येणाऱ्या दुसऱ्या गाडीशी, आणि त्या गाडीची दुखणी तुम्हाला ठाऊक नाहीत. तुमच्या गाडीचा क्लच कधी बदलला, तेल किती खाते, पावसात कुठे गळते, हे तुम्ही झोपेतही सांगाल. अकरलॉफच्या बाजारात विकणाऱ्याकडे असलेली माहिती इथे आयती तुमच्याकडे आहे.

म्हणून सांगाडा गंजलेला नसेल आणि हे काम झाल्यावर मेकॅनिक निदान दोन वर्षांची खात्री देत असेल, तर मी दुरुस्तच करेन. आजवर तिच्यावर किती ओतलं ते या हिशोबात धरू नका, ते पैसे दोन्ही वाटांवर सारखेच गेलेले आहेत. सांगाडा गेला असेल तर मात्र एक रुपयाही घालू नका, चालत्या अवस्थेत विका. आणि विकताना घेणाऱ्याने मेकॅनिक आणू का विचारलं, तर आणू द्या.